बुडापर्यंत तापलेलं पितळ

महाराजांनी अभंगाचं धृपद उचललं, पखवाज बोलला आणि मारोतरावांनी झांजेवर झांज मारली. आवाज कसला, ओल्या पोत्यावर थाप मारावी तसा.

बायांच्या ओळीतून गयाबाई वळल्या. "काय जी, झांज वाजवून राहिले का भाकर थापून राहिले?"

हशा पिकला. महाराजही हसले, भिलाईच्या या मंडळात देवापुढं नवराबायकोनं एकमेकांना टोकणं त्यांच्या सवयीचं होतं. मारोतराव मात्र हसले नाहीत. त्यांनी झांजेचा काठ अंगठ्यानं दाबला, तर तो कानाच्या पाळीसारखा वाकला.

काठाला बारीक चीर गेली होती. ती वाढू नये म्हणून त्यांनी परवा झांज शेगडीत लाल केली आणि राखेत निवत ठेवली. त्याच शेगडीत, त्याच राखेत, नातीच्या, रेणूच्या, रायफलच्या काडतुसांच्या रिकाम्या पुंगळ्याही होत्या.

लाल करून निववलं की पितळ असंच नरम पडतं.

"उमाकांतजी, पेटी थांबवा."

शेजारी पेटी वाजवणारे उमाकांतजी रायफल क्लबच्या परवान्यावर रेणूची काडतुसं पुन्हा भरून देत. तीच पुंगळी वारंवार वापरली की पितळ कडक होतं, तोंडाशी फाटतं. तशी फाटायला लागली, तेव्हा तेच म्हणाले होते, "मारोतराव, जन्म तुमचा प्लांटच्या हीट ट्रीटमेंटमध्ये गेला. तेवढी तोंडं नरम करून द्या."

पण अर्धंमुर्धं काम मारोतरावांना कधी जमलंच नाही. लोखंड जसं सगळं तापवून सावकाश निववायचे, तसंच त्यांनी इथंही केलं.

"म्या पुंगळ्या बुडापासून लाल केल्या जी," ते पुटपुटले. "सबन."

उमाकांतजींची बोटं सुरांवरच थिजली. बुडातली टोपी ठिणगी देऊन दारू पेटवते, आणि मागचा सगळा मार बुडावर येतो. बूड कडक असतं म्हणून सोसतं. आणि त्या बुडामागं, वीतभर अंतरावर, नेम धरणाऱ्याचा डोळा असतो.

"तरीच," त्यांच्या तोंडून निघालं. "टोप्या अशा अलगद बसत होत्या! मी म्हटलं, तुमच्या हाताची सफाई."

रेणू त्याच वेळी नेमबाजीच्या रेंजवर होती. राज्याच्या संघाची निवड होती. फोन लावला, तर तो बंद.

"कावून उठले जी? आरती राहिली ना!" गयाबाई मागून ओरडल्या. उमाकांतजींच्या स्कूटरवर, नेहरू नगरवरून थेट रसमड्याच्या अंगाच्या रेंजवर जाईस्तोवर, एरवी उठताबसता ओठांवर असणारं विठ्ठलाचं नावसुद्धा मारोतरावांच्या तोंडून फुटलं नाही.

रेणू चटईवर बसलेली होती. रायफल बाजूला. उजव्या गालावर काजळी फासल्यासारखी.

"आबा? कीर्तन छोडके?" ती हसायला गेली. "दुसऱ्याच गोळीले मागून भपकन धूर आला. बोल्ट ही नहीं खुल रहा था."

उमाकांतजींनी रायफलच्या मागचा बोल्ट ठोकून ठोकून उघडला आणि पुंगळी काढली. बूड फुगलं होतं आणि टोपीच्या जागी नुसतं भोक. पुंगळी त्यांनी मारोतरावांच्या तळहातावर ठेवली.

"हे म्या केलं, बाई," मारोतराव म्हणाले. "तोंड तापवाचं होतं, म्या बूड तापवलं."

रेणूनं काडतुसांच्या डब्याकडं पाहिलं. "आणि बाकीच्या?"

"साऱ्या तशाच."

तिनं डबा उचलून उमाकांतजींच्या हाती दिला. यंदाची निवड त्या डब्यातच राहिली, हे तिघांनाही कळलं. मग तिनं नेमबाजीचा चष्मा काढला. उजवी काच पार काळी होती. ती काळी काच पाहून मारोतराव तिच्यासमोर चटईवर बसले.

"डोळा उघड, माय. उघडून दाखव मले."

तिनं डोळा उघडला.

"दिसते?"

"दिसते ना, आबा," रेणूनं त्यांच्या खांद्यावरचा दुपट्टा ओढून त्यांचंच तोंड पुसलं. "तुम्ही रडून राहिले, तेबी दिसते."