दवाखान्यात गेलेले पायपुसणे

मित्रांनो, मी एक जुने पायपुसणे आहे. जुने म्हणजे सहा वर्षांचे. पण सहा वर्षे दारात पडून पाहा, म्हणजे कळेल.

बडोद्यात, वासण्याला, तिसऱ्या मजल्यावरच्या एका घरासमोर मी राहते. सानवी पोटात असताना डॉक्टरांनी तिच्या आईला, निरुपमाला, बसून राहायला सांगितले होते. तिला नुसते बसवेना. मग तिने जुनी निळी चादर, स्वतःची पिवळी ओढणी आणि सानवीच्या बाबांचा, उन्मेषचा, फाटका पायजमा यांच्या पट्ट्या काढल्या, त्यांची वेणी घातली आणि ती गोल गोल शिवत मला केले. माझा शेवटचा टाका पडला आणि चौथ्या दिवशी सानवी आली. म्हणून मी तिला मनातल्या मनात बहीणच समजते.

सुरुवातीला माझे फार कौतुक झाले. शेजारच्या नयनाबेन म्हणाल्या, "निरुपमाबेन, यावर पाय कसा ठेवायचा? भिंतीवर लावा ने."

मला मात्र दारच आवडे. माणसे कुठून कुठून येत आणि थोडासा रस्ता माझ्याकडे ठेवून जात. उन्मेषच्या बुटांना रिफायनरीचा वास असे. ही तांबडी माती कुठली, हे गवत कुठले, असा विचार करण्यात माझा दिवस जाई. मी स्वतः कधी जिना उतरले नव्हते.

सानवी तीन वर्षांची असताना पोट बिघडून चार दिवस दवाखान्यात होती. ती बरी होऊन घरी आली. निरुपमाची भीती मात्र बरी झाली नाही. रस्त्यावरची घाण आपल्या हातून सानवीला लागेल आणि ती पुन्हा आजारी पडेल, असे तिला सारखे वाटू लागले. मी रविवारी धुतली जायचे, ती रोज धुतली जाऊ लागले. मग ब्लीचमध्ये. माझी पिवळी ओढणी पांढरी पडली. पुढे पुढे तर जिने मला शिवले, ती मला काठीने उचलू लागली.

शाळेतून आली की सानवी माझ्यावर उभी राही. आत नळ सुरू होई. "कुठे हात लावू नकोस. सरळ बाथरूम." आंघोळ, धुतलेले कपडे आणि मगच आईची मांडी. उन्मेषचेही तेच. निरुपमा विचारी, "बूट बाहेरच काढलेत ना? नक्की?" तो म्हणे, "अगदी नक्की." दहा वेळा विचारले तर दहा वेळा. त्याला वाटे, ही मदतच आहे. येणारे जाणारे म्हणत, बाई फार टापटिपीची. तिच्या बोटांना पडलेल्या भेगा कुणी पाहिल्या नाहीत.

एके दिवशी माझ्यावर उभी राहून सानवीने दारातूनच विचारले, "आई, मी घाण आहे का?"

आतला नळ बंद झाला.

त्याच आठवड्यात दांडिया बाजारातल्या एका दवाखान्यात जायचे ठरले. नको तो विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या या आजाराला ओसीडी म्हणतात, असे मला तेव्हा कळले. तिथे मुक्काम करायचा नसतो. रोज सकाळी तीन तास जायचे, दुपारी घरी यायचे आणि घरी गृहपाठ करायचा. असे सहा आठवडे. तिथल्या उपचार करणाऱ्या योगिनीबेनांनी सांगितले होते, "घरातली सगळ्यात भीतीची वस्तू बरोबर आणा." मला वाटले, घरात साप आहे की काय. निरुपमाने माझ्याकडे बोट दाखवले.

दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून उन्मेषने मला स्कूटरवर ठेवले. विश्वामित्री नदीच्या पुलावर गर्दी होती. कुणीतरी म्हणाले, "मगर वर आलीय." मला पिशवीतून काही दिसले नाही.

दवाखान्यात योगिनीबेनांनी कागदावर एक शिडी काढली. सगळ्यात खालची पायरी म्हणजे लांबच्या खुर्चीतून मला बघणे. सगळ्यात वरची म्हणजे सानवी शाळेतून आली की तिला तशीच जवळ घेणे. प्रत्येक पायरीला भीतीचा आकडा सांगायचा, शून्य ते शंभर.

"किती?"

"सत्तर."

"बसा. काही करू नका."

मी कान टवकारले. पासष्ट झाले. साठ. अर्ध्या तासाने चाळीस. कुणी काहीही धुतले नव्हते, तरी आकडा आपोआप उतरला.

निरुपमाने विचारले, "पण याने सानवीला काही होणार नाही ना?"

"माहीत नाही."

"तुम्ही एवढं शिकून?"

"हो ने. मलाही माहीत नाही, तुम्हालाही नाही. तसं बसता येणं, तेच शिकायचंय. आणि उन्मेषभाई, आजपासून तुमचं 'अगदी नक्की' बंद."

"मग काय म्हणू?"

"म्हणा, अवघड आहे, मी इथे आहे."

दुसऱ्या आठवड्यात निरुपमाने मला एक बोट लावले. तिसऱ्या आठवड्यात पूर्ण हात ठेवला आणि त्याच हाताने पाव मोडून सेव उसळ खाल्ली. दोन पिशव्यांची एक झाली, मग कापडी झाली.

चौथ्या आठवड्यात सानवीला सर्दी झाली. त्या संध्याकाळी मी दोनदा ब्लीचच्या बादलीत गेले.

सकाळी मी ओलीच दवाखान्यात पोचले. निरुपमा मान वर करेना. "सगळं वाया घालवलं मी."

योगिनीबेनांनी मला उचलून वास घेतला. "हे फारच चोख झालं. असं आपल्या कामाचं नाही. चला खाली."

त्यांनी मला फाटकातच अंथरले. वॉचमन धनाजीराव लांबून वळसा घालून जाऊ लागले.

"काका, पाय पुसा."

"बेन, माझे पाय लई मळलेत."

"म्हणून तर."

ते पुसून गेले. मग चहावाला, मग टपालवाला, मग एका सायकलचे चाकही गेले. धनाजीराव चहावाल्याला म्हणाले, "शिकलेली माणसं. पायपुसणं मळवायला दवाखान्यात येतात." आणि निरुपमा हसली. तीन वर्षांत मी ते हसणे ऐकले नव्हते. मग तिने चपला काढल्या आणि माझ्यावर अनवाणी उभी राहिली.

शेवटच्या शुक्रवारी पिशवीच नव्हती. मला नुसते गुंडाळून स्कूटरवर ठेवले. मी विश्वामित्री पाहिली. मगर काही दिसली नाही.

दुपारी सानवी आली, सवयीने दारात थांबली आणि नळाची वाट बघू लागली. नळ वाजला नाही. माझ्यावर तिची आई बसली होती. तिने सानवीला दप्तरासकट जवळ ओढले.

"आई, हात?"

"जेवायच्या आधी धुऊ. सगळे धुतात तसे."

"तुझा आकडा किती?" घरच्या गृहपाठातून तिलाही आकडे कळले होते.

"पंचाहत्तर."

"खूप आहे. उठू?"

"नको. बस."

त्या बसल्या. शाळेतली एक लांबलचक गोष्ट सुरू झाली. आकडा किती उतरला, ते मला कळले नाही, कारण नंतर कुणी विचारलाच नाही.

भीती अजूनही कधीकधी येते. निरुपमा आता आठवड्यातून एकदा योगिनीबेनांकडे जाते. मला नेत नाही. मित्रांनो, तुमच्या घरी कुणी तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारत असेल, तर हसू नका. घरातल्या मोठ्यांना सांगा आणि थोडा वेळ त्या माणसाजवळ बसा. मला रविवारी एकदा धुवा, उन्हात वाळवा. बाकीचे दिवस माझ्यावर नीट पाय पुसत जा. तुम्ही कुठून कुठून आलात, ते मलाही कळू द्या.