आबांचं दार दोन बोटं

सोनगीरच्या सुकलालची ज्योत्स्ना धुळ्याला चित्रकलेच्या वर्गाला जायला लागली, तेव्हा घरात कुणालाच त्यात धोका दिसला नाही. काढील पोरगी चार कमळं, असं सगळे धरून चालले. पण तिथले सर यथार्थदर्शन शिकवत होते. जवळचं मोठं, लांबचं लहान, आणि लांब पळणाऱ्या रेघा शेवटी एका बिंदूत जाऊन मिळतात. आधी खोकी झाली, मग कपाट. मग सर म्हणाले, सोमवारी आपापलं घर काढून आणा. ज्याला जमेल तोच इमारतींच्या तुकडीत. ज्योत्स्नाला त्या तुकडीत बसायचंच होतं. भाकरी थापतानाही ती छताचे वासे कुठे मिळतात ते बघायची, आणि भाकरी करपायची.

घर म्हणजे एकच लांब भिंत आणि दोन दारं. एक सुकलालचं, पलीकडचं त्याच्या थोरल्या भावाचं, नवलआबांचं. गेल्या साली वाटण्या झाल्या तेव्हा टेप लावून दोन्ही हिस्से सारखे केले होते, आणि पेन्सिलीच्या रेघांच्या एका कागदावर दोघांनी सह्या केल्या होत्या. रविवारी ज्योत्स्ना आपल्या ओट्याच्या टोकाला बसली आणि दुपारपर्यंत तिने चित्र पुरं केलं.

आबा बघायला आले. त्यांनी चष्मा लावला, मग कागदाला बोटं लावली.

"मनं दार दोन बोट, अन् तुना बापनं तीन? हाऊ कोनता न्याव शे?"

ज्योत्स्ना तासभर समजावत होती, की हे माप नाही, नुसतं अंतर आहे. कुणापासून, असं आबांनी विचारलं. मी बसले तिथून, ती म्हणाली. आणि तू कुठे बसलीस? आमच्या ओट्यावर. आबांनी मान हलवली, जणू साक्षीदार फुटला. धुळ्याला गेलेला कागद शिक्का घेऊनच परत येतो, हा त्यांचा अनुभव होता. त्यांनी चित्र पेटीत टाकलं आणि किल्ली बंडीच्या खिशात.

ज्योत्स्नाच्या दोन दारांमधे येरझारा सुरू झाल्या. सुकलालने सुचवलं, दे आबाला एक बोट वाढवून. तसं केलं तर छप्पर वाकडं होतं, ती म्हणाली, आणि पुन्हा चालायला लागली. शेवटी तिने स्टूल उचललं, आबांच्या टोकाला ठेवलं, आबांना त्यावर बसवलं आणि हातात पेन्सिल दिली. हात सरळ, एक डोळा बंद, आणि मोजा धाकट्या भावाचं दार.

आबांनी मोजलं. डोळा बदलून पुन्हा मोजलं.

"आते बरोबर शे," ते म्हणाले आणि उठून तिला स्टूल दिलं. "आठेच बस अन् काढ."

उजेड होता तोवर ती काढत राहिली. सकाळी आबांनीच तिला मोटारसायकलवरून धुळ्याला नेलं. गुंडाळी स्वतःच्या सदऱ्यात खोचून, वाटेत कुणी रेघ हलवू नये म्हणून. सरांनी चित्र निरखलं, तिचं नाव तुकडीत लिहिलं आणि सांगितलं, पुढच्या खेपेला हेच घर दुसऱ्या टोकाकडून काढ.

"त्या टोकाला बघण्यासारखं काही नाही, सर," आबा म्हणाले.

दोघं परतले तेव्हा सुकलाल आपल्या ओट्यावर उभा होता. एक डोळा मिटलेला, हात सरळ, हातात तुराटी. ज्योत्स्ना गाडीवरून उतरण्याआधीच त्याने तिला आपल्या टोकाला आणून ठेवलेलं स्टूल दाखवलं.