बटणांच्या डब्यातला पाहुणा

मित्रांनो, मी एक जुना पेनड्राइव्ह आहे. टोपण केव्हाच हरवलं, पाठीवर ओरखडे आहेत, आणि मला कालचं काही आठवत नाही. माझी ही हकिगत शिवणकाम करणाऱ्या मावशी येईल त्या गिऱ्हाइकाला सांगतात. आज सकाळीच ऐकली, म्हणून विसरायच्या आत सांगतो.

आधी माझ्यात गाणी होती. मग एका संगणक दुरुस्त करणाऱ्याने ती पुसून एक अख्खी नवी ऑपरेटिंग सिस्टीम भरली. मला लावून संगणक सुरू केला, की तो माझ्या डोक्याने चालतो. मला काढलं, की पुन्हा स्वतःच्या.

मावशींचा संगणक फार थकला होता. एक माप उघडायचं तर चहा उकळून गार व्हायचा.

"जुनी सिस्टीम पुसून नवी घालू," दुरुस्तीवाला म्हणाला.

मावशींनी संगणकावर हात ठेवला. "बावीस वर्षांची मापं आहेत यात. पुसायचं नाव काढू नकोस."

"मग हा आठवडाभर लावून बघा. पाहुणा समजा."

"आणि पाहुण्यानं घर बळकावलं तर?"

"तुम्ही 'कायम बसवा' म्हटल्याशिवाय नाही हो!"

दोन दिवस संगणक नुसता पळत होता. जुनी मापंही पटापट उघडत. तिसऱ्या दिवशी बँडमास्तर कोटासाठी आले. त्यांचं माप मावशींनी पडद्यावर समोरच ठेवलं आणि संध्याकाळी नेमाने सगळं बंद केलं. सकाळी पाहतात, तर पडदा कोरा!

"मेल्यानं सगळी मापं खाल्ली!" एरवी हळू बोलणाऱ्या मावशी ओरडल्या. मला उपटून त्यांनी बटणांच्या डब्यात टाकलं.

दुरुस्तीवाला धावत आला. त्याने जुनी सिस्टीम सुरू केली. किती वेळ चक्र फिरत राहिलं. अखेर बावीस वर्षं जागच्या जागी सापडली. नव्हते ते फक्त बँडमास्तर.

"नवं माप तुम्ही पाहुण्याच्या हातात दिलंत, मावशी. बंद केलं की तो सगळं विसरतो. जपायचं ते संगणकाच्या डिस्कवर ठेवायचं."

दुसऱ्या दिवशी बँडमास्तरांना पुन्हा बोलावलं. कमरेला टेप लावून मावशी थबकल्या. "परवा दोन इंच कमी होती!"

"परवा श्वास रोखला होता," ते ओशाळून म्हणाले. "आज जिना चढून दमलोय."

"म्हणजे तो कोट पहिल्याच फुंकरीला उसवला असता!" मावशींना हसू आवरेना.

त्याच दिवशी त्यांनी सगळ्या मापांची दुसरीकडे प्रत काढली, एकेक उघडून पाहिली, आणि मगच स्वतःच्या हाताने 'कायम बसवा' दाबलं.

आता मी बटणांत असतो. कुणाचा संगणक थकला, की मावशी मला पाहुणा म्हणून धाडतात. मित्रांनो, माझ्यावर रागवा, पण मला काढण्याआधी जपायचं ते घरात ठेवा. मी मनापासून राबतो, फक्त लक्षात ठेवणं तुमच्याकडे. आणि माप देताना श्वास रोखू नका.