उलट्या रेघांचं ताट

मी मातीचं ताट बोलतंय. ताट म्हणणंही आता धाडसाचंच. भट्टीमागच्या ढिगाऱ्यात माझे पाच तुकडे पडलेत.

आमच्या डोंगरातल्या गावात भांड्याखाली कुणाचं नाव घालत नाहीत. माती बायकांनी मळायची, चाकावर पुरुषांनी बसायचं. माझी माती इत्सुएने मळली आणि तिचा भाऊ गेन्झो याचं मनगट मुरगळलं म्हणून चाकावरही तीच बसली. ती डावरी. चाकाला उलटी लाथ देते. त्यामुळे फिरत्या मातीवर टेकवलेल्या पात्याच्या टोकाने माझ्या अंगावर उठलेल्या बारीक रेघा गावातल्या सगळ्या भांड्यांच्या विरुद्ध बाजूला कलल्या. भावाने आभार मानले नाहीत. "कुठे बोलू नकोस," एवढंच म्हणाला.

शहरातला व्यापारी कुरिमोतो जेवायला आला, तेव्हा माझ्यात उकडलेली अळकुडी वाढली होती. ती संपल्यावर त्याने मला उचलून उजेडात फिरवलं.

"गेन्झोसान, हा हात कुणाचा?"

"माझाच. दुसरं कोण आहे इथे? मांजर?"

"असली चाळीस हवीत मला. एक आत्ता वळून दाखवता?"

भात वाढणारा इत्सुएचा हात थांबला. तिने भावाकडे पाहिलं. तो खरं बोलला असता, तर चाक तिचं झालं असतं.

गेन्झोने मला हिसकावून घेतलं. "रेघा उलट्या पडल्यात. खोट आहे ही. खोटीचं भांडं आम्ही ठेवत नाही." मागच्या दाराने जाऊन त्याने मला आपटलं.

फुटताना दुःख झालं नाही, राग आला. अजून आहे. मातीला इतका राग शोभतो का, कोण जाणे. कदाचित माझंच चुकत असेल. पण त्याला खुपली ती रेघ नव्हे, बहीण. हे मला पक्कं ठाऊक आहे.

जाताना कुरिमोतो म्हणाला, "तसलीच पाठवा. नाहीतर राहू द्या."

मनगट बरं झाल्यावर पुढच्या भट्टीसाठी गेन्झोने चाक उलटं फिरवून पाहिलं. त्यातली सात ताटं माझ्या अंगावर येऊन पडली. रेघा कशाबशा माझ्यासारख्या, पोटं खचलेली. मला हसू आलं. बरं नव्हे ते, पण आलं.

काल तो इथेच बहिणीपाशी आला.

"इत्सुए, बस ना जरा चाकावर. चाळीसच तर करायचीत."

"मी कशाला? मांजराला बसव की, दादा."

"तोंड सांभाळ!"

"बसेन. आधी कुरिमोतोला पत्र लिही, ते ताट कुणी वळलं होतं. तुझ्या हाताने लिही."

तो तणतणत आत गेला. तिने मातीची टोपली उचलली.

पत्र अजून गेलेलं नाही. इत्सुए, ऐकत असशील तर एवढं कर. ते जाईपर्यंत चाकाला पाय लावू नकोस. माझ्यावर सातच काय, सत्तर येऊन पडू देत.