उलटा हात

बुधवारी सकाळी सात वाजून चाळीस मिनिटांनी नानांच्या गालावरून तीन वर्षं निघाली. दाढीच्या मगात ती फेसावर तरंगत होती. लसणाच्या सालीसारखी पातळ, जरा राखाडी. मी बोटानं एक उचललं तर ते बोटालाच चिकटलं आणि फाटलं.

नाना माझे वडील. वय त्र्याऐंशी. हात थरथरतो म्हणून चार वर्षं त्यांची दाढी मी करतो, परसात, स्टुलावर बसवून. रेझर त्यांचाच, साठ वर्षांपूर्वीचा. दांड्याच्या बुडाशी चकती आहे. ती फिरवली की डोक्यावरची दोन झाकणं उघडतात, आत पातं ठेवायचं, परत फिरवली की झाकणं मिटतात. आता ती पूर्ण मिटत नव्हती. अर्ध्या मिलिमीटरची फट राहायची आणि पातं हलायचं. सुलट्या हाताला काही होत नव्हतं, फक्त दाढी निघायची. उलटा हात मारला की पातं उचललं जायचं आणि वर्षं यायची.

"चिटणीस आले नाहीत फिरायला?" नानांनी गाल पुसत विचारलं.

चिटणिसांना जाऊन दोन वर्षं झाली होती. नाना आता ऐंशीचे होते.

माझी बायको शैला चहा घेऊन दारात उभी होती. ती म्हणाली, "तर मग नुसता सुलटा मारत जा ना. गालच आहे तो, कॅरमबोर्ड नाही."

पण नाना उलट्या हाताशिवाय दाढी झाली असं मानत नाहीत. तळहात हनुवटीपासून वर फिरवतात आणि म्हणतात, "खरखर लागतंय." तो आवाज थांबेपर्यंत ते चहाला शिवत नाहीत. मी प्लास्टिकचा नवा रेझर आणून पाहिला. त्याखाली केस वाकले आणि पुन्हा उभे राहिले. जुना रेझर मी कपाटात कुलूप लावून ठेवला. सकाळी तो परसातल्या खिडकीच्या फळीवर होता, नेहमीच्या जागी.

म्हणून मी चकतीचे आटे पुसले आणि नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप त्यांच्यावर दोन वेढे गुंडाळली. झाकणं घट्ट मिटली. गुरुवार नीट गेला. शुक्रवारही. शनिवारी आमच्या घरात कोणी दाढी करत नाही. रविवारी उलट्या हाताला टेप सुटली आणि एकदम अकरा वर्षं निघाली.

"वत्सला, टॉवेल," नानांनी घराकडे तोंड करून हाक मारली.

वत्सला माझी आई. तिला जाऊन नऊ वर्षं झाली. शैला टॉवेल घेऊन आली.

"ही कुठं गेलीय?"

"देवळात," शैला म्हणाली.

"इतका वेळ?"

"हो."

नानांनी टॉवेल घेतला. दुपारी जेवायला बसले तेव्हा त्यांनी शेजारचा पाट थोडा पुढं ओढून ठेवला.

मगातलं पाणी मी रोजच्याप्रमाणे कढीपत्त्याच्या बुंध्याशी ओतलं. केस मोरीत जाऊ द्यायचे नाहीत, ही आमच्याकडची रीत. आजोबांपासून दाढीचं पाणी त्या झाडालाच जातं. मी दुसरा विचार केला नाही.

सोमवारी मी दाढी केलीच नाही. नाना सात चाळीसला स्टुलावर येऊन बसले, टॉवेल गळ्याभोवती घेतला आणि संध्याकाळपर्यंत तसेच बसून राहिले. पाणीसुद्धा घेतलं नाही. मंगळवारी त्यांचे ओठ सुकले होते. मी रेझर घेतला. झाकणं अंगठ्यानं दाबून धरली होती. उजव्या गालावर अंगठा साबणावरून घसरला.

सतरा वर्षं. मी मोजली. नाना बावन्न वर्षांचे झाले, माझ्यापेक्षा दोन वर्षांनी लहान.

ते बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिले. "उदय, तू असा कसा दिसतोस रे?" ते म्हणाले. "कॉलेजात काही होतंय का? कोण मुलगी वगैरे?"

"नाही नाना."

"मग नीट जेवत जा. डोकं बघ, सगळं पिकलंय."

वरचा मजला नाना साठीचे असताना बांधला होता. मी आत गेलो तेव्हा जिना छतापर्यंत जात होता आणि छताला टेकून संपत होता. आमची खोली वर होती. शैला भाजी आणायला गेली होती. परत आली तेव्हा तिला उंबरठ्याच्या आत पाय टाकता येईना. पाय पुढं यायचा आणि पायरीवरच पडायचा. तिनं सहा वेळा करून पाहिलं. आमचं लग्न बावीस वर्षांपूर्वीचं. नानांच्या गालावर ते आता नव्हतं.

"पिशवी तरी घ्या," ती बाहेरून म्हणाली. "मेथी आहे, आजच निवडा. उद्या काळी पडेल."

"तू कुठं जाशील?"

"सांगलीला, दादाकडे. तुम्ही आधी तो रेझर दुरुस्त करा. तुम्हाला सांगून ठेवते, टेपबिप नको. माणसाला दाखवा."

मी पिशवी घेतली. आमची बोटं पिशवीच्या कानापाशी लागली तेवढंच.

बुधवारी आणि गुरुवारी मी दांड्यावर सुतळी आवळून बांधली आणि काही गेलं नाही. शुक्रवारी नाना म्हणाले, "दे इकडं, मी करतो." त्यांचा हात आता थरथरत नव्हता. बावन्न वर्षांच्या माणसाच्या हातून रेझर काढून घेण्याएवढी ताकद माझ्यात नव्हती. त्यांनी गळ्यापासून कानापर्यंत एकच लांब उलटा हात मारला. पंचवीस वर्षं निघाली.

त्यांनी तोंड धुतलं, आरशात पाहिलं, मग मला पाहिलं.

"काका, आपण कोणाकडे आलात?"

मी म्हणालो, "इथंच."

"बसा की मग. उभे का?" त्यांनी मला स्टूल दिलं. "रविवारी मी जरा गडबडीत आहे, आधीच सांगतो. चार वाजता नदीवेशीत मुलगी बघायला जायचंय. इंदू म्हणून आहे. मॅट्रिक झालीय."

माझ्या आईचं माहेरचं नाव इंदू होतं.

मी शनिवारी सकाळी रेझर घेऊन मौलाचाचा शिकलगारांकडे गेलो. शनिवार असल्यामुळे दिवस हातात होता. चाचांचे आजोबा तलवारींना धार लावायचे, नंतर घर तंबोरे बनवण्याच्या धंद्यात आलं. दुकानात छताला भोपळे टांगलेले होते. मी आत गेलो तेव्हा ते जागेवर होते, मी बोलायला लागलो तसे एकेक बोट खाली आले. शेवटी मला मान वाकवून उभं राहावं लागलं.

चाचांनी चकती फिरवली, दांडा कानापाशी धरून हलवला.

"आटे गेल्यात," ते म्हणाले. "टेप कुणी लावली ही?"

"मी."

"शिकल्यासवरल्या माणसानं असं करायचं असतंय होय? नळ आहे का हा?" त्यांनी नखानं टेपचा राहिलेला तुकडा काढला. "आत पट्टी बसवाय लागंल."

"पितळेची?"

"पितळ धरणार नाही. ज्याची दाढी त्याच्याच अंगचं पायजे. निघालंय ते कुठाय?"

"कढीपत्त्याला घातलं."

"सगळं?"

"सगळं. छप्पन्न वर्षं."

चाचांनी चष्मा वर सरकवला. "झाडं काय ठेवत न्हाईत ओ. जावा, उकरून बघा. एक घावलं तरी बास."

मी मागच्या दारानं परसात येऊन खुरप्यानं बुंध्याभोवतीची माती काढली. झाड गेल्या दहा दिवसांत परसाच्या भिंतीवर गेलं होतं आणि पानांना दाढीच्या साबणाचा वास येत होता. मुळं खाली पसरली होती आणि प्रत्येक मुळाला पातळ सालीचे अर्धवट विरघळलेले तुकडे होते. हात लावला की जात होते. दीड तास उकरल्यावर एक अख्खं वर्ष सापडलं. दगडाखाली होतं म्हणून राहिलं असावं.

मी ते उन्हात धरलं. आत मिशन हॉस्पिटलसारखी एक लांब ओसरी होती. नाना एकोणतीस वर्षांचे, बाकावर बसलेले. नर्स कपड्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन आली. नाना उठले, त्यांनी हात पुढं केले, मग मागं घेतले, सदऱ्याला पुसले आणि परत पुढं केले.

ते वर्ष माझं होतं. मी ते ओल्या रुमालात ठेवलं आणि दुकानात गेलो. भोपळे आता इतके खाली होते की मी बसूनच आत सरकलो.

चाचांनीही ते उजेडात धरून पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"हे बसवलं की परत निघायचं न्हाई," ते म्हणाले. "आट्यात चुरा होऊन बसणार."

"आणि नाही बसवलं तर?"

"तर गालाला लावा. ओल्या गालाला चिकटतंय. तुम्हाला वळकतील. हाक मारतील."

"किती वेळ?"

"पुढची दाढी होईतोवर. उद्या आयतवार, म्हंजे सकाळपर्यंत." त्यांनी ते वर्ष माझ्या तळहातावर परत ठेवलं. "आन् मग त्या उलट्या हाताला आणखी जाईल. त्यांच्याजवळ आता हायेत किती?"

"सत्तावीस."

"उद्या काय आहे त्यांचं?"

"मुलगी बघायला जायचंय."

कानशीचा भुसा फुंकून चाचांनी जागा साफ केली. तळहातावर ते वर्ष हळूहळू वाळत होतं आणि कडा वळायला लागल्या होत्या. ओसरीतले नाना हात पुढं करून उभे होते. मला त्यांचा चेहरा दिसत होता. माझ्याकडे पाहताना त्यांचा असा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, कारण तेव्हा माझे डोळे मिटलेले होते.

"एक रात्र घेऊन जावा की," चाचा हळू म्हणाले. "मी कुणाला सांगत न्हाई."

मी म्हणालो, "बसवा."

त्यांनी चिमट्यानं ते उचललं, आट्यांभोवती एक वेढा दिला आणि चकती फिरवली. बारीकसा आवाज आला, वाळलेलं पान पायाखाली यावं तसा. झाकणं मिटली. चाचांनी फटीत नख घालून पाहिलं. नख जात नव्हतं.

रविवारी सात चाळीसला नानांनी स्वतः दाढी केली. सुलटा हात, मग उलटा हात, दोनदा. मगात फक्त केस होते. मी तीन वेळा पाहिलं. नानांनी गालावरून तळहात वर फिरवला. कसलाच आवाज आला नाही.

"काका, बघा बरं," ते म्हणाले. "कुठं राहिलीय का?"

मी बघितलं. "नाही. छान झालीय."

"एक विचारू का?" ते जरा ओशाळले. "आमचे वडील गेले दोन वर्षांपूर्वी. चुलते कोकणात. आमच्याकडून वडीलधारं कोणी नाही. एकट्यानं जाणं बरं दिसत नाही. तुम्ही याल का? फक्त बसायचं. बोलायचं मी बोलतो."

"येईन," मी म्हणालो. "पण तू... तुम्ही फार बोलू नका. मुलीला बोलू द्या."

"ते खरं," नाना हसले. "माझी ती खोडच आहे."

नदीवेशीत मुलीच्या घराच्या जागी एरवी मोबाइलचं दुकान आहे. आज तिथं ओसरी होती आणि दारात रांगोळी. आम्हाला सतरंजीवर बसवलं. खोली लहान होती आणि आणखी लहान होत होती. माझे गुडघे मुलीच्या वडिलांच्या गुडघ्यांना लागले. नाना पगाराबद्दल बोलले, बदलीबद्दल बोलले, मग माझ्याकडे पाहून गप्प झाले.

आतून मुलगी आली. एकवीस वर्षांची, अंजिरी साडी, हातात पोह्यांच्या ताटल्यांचा ट्रे. रिवाजाप्रमाणे ती पहिल्यांदा सर्वांत वडील माणसापुढं आली. मी तिच्या हातांकडे पाहिलं. चेहऱ्याकडे पाहायला मला थोडा वेळ हवा होता.

"यांची ओळख राहिली," मुलीचे वडील म्हणाले. "आपण मुलाचे कोण?"

नानांनीही वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांनाही ते माहीत करून घ्यायचं होतं.

पोह्यांची वाफ माझ्या चष्म्यावर आली. ती माझ्यासमोर वाकून उभी होती, आणि मी ताटली उचलेपर्यंत तिला पुढं जाता येत नव्हतं.