उतारासमोरचं लॉज

शनिवारी दुपारी जेवणं झाली आणि प्रबोधने बुओना व्हिस्टाच्या आपल्या कॉन्डोत टीव्हीवर हॉटेलचे फोटो लावले. त्याचा थोरला भाऊ निशिकांत जहाजावर चीफ इंजिनिअर. तो बायको शैला आणि लेक शिवांगी यांना घेऊन शहराच्या दुसऱ्या टोकाच्या वुडलँड्सहून आला होता. डिसेंबरात दोन्ही घरांनी मिळून आल्प्समध्ये स्कीइंगला जायचं ठरलं होतं, आणि जागा निवडायचं काम शैलाने अंगावर घेतलं होतं.

त्यात तिचे दोन महिने गेले होते. शिवांगी नऊ वर्षांची, डावा पाय जन्मापासून अधू, गुडघ्यापर्यंत आधाराचा ब्रेस. शैलाने जिथे जिथे फोन केला तिथे आधी एकच विचारलं, दारापासून स्की-लिफ्टपर्यंत किती चालावं लागतं? शेवटी ऑस्ट्रियातल्या एका लहान गावात लॉज सापडलं. दार उघडलं की समोरच डोंगरावर नेणारी खुर्च्यांची लिफ्ट. शिवाय तिथल्या स्की शाळेत अशा मुलांना बसून घसरता येईल अशी खास खुर्ची होती. शिवांगीने त्या खुर्चीचा व्हिडिओ पाहून पाहून पाठ केला होता.

टीव्हीवर मात्र भलतंच हॉटेल होतं.

"वहिनी, तुमचं ते गाव फारच लहान हो," प्रबोध म्हणाला. "आमच्या क्षितिजला दोन दिवसांत कंटाळा येईल. हे बघा, काय उतार आहेत! मी कालच बुक करून टाकलं."

"लिफ्ट किती लांब?" शैलाने विचारलं.

"बसने सात मिनिटं. बसपर्यंत थोड्या पायऱ्या आहेत, एवढंच."

"सेव्हन्टी-टू स्टेप्स, लाह," त्याचा मुलगा क्षितिज तिथल्या पोरांच्या बोलीत म्हणाला. "रिव्ह्यूमध्ये लिहिलंय."

निशिकांतने टीव्हीवरून भावाकडे मान वळवली. "मग शिवांगी कशी जाणार?"

"दादा, रागावू नकोस, पण तिला कुठे स्की करायचंय? ती बसेल की खिडकीत. हॉट चॉकलेट पिईल, बर्फ बघेल. एका मुलीपायी सगळ्यांनी का अडकून पडायचं?"

शिवांगी समोरच सोफ्यावर बसली होती.

शैला "अहो" म्हणेपर्यंत निशिकांतची मूठ प्रबोधच्या तोंडावर बसली होती. नवऱ्याचा हात सुटतो हे तिला ठाऊक होतं. दोन वर्षांपूर्वी त्याने बेडरूमचं दार मुठीने फोडलं होतं, आणि ती त्या दाराच्या आत होती. ती गोष्ट तिने कुणालाच सांगितली नव्हती.

प्रबोध टीपॉयवर कोसळला. काच फुटली. उठताना त्याच्या हाती क्षितिजचा नवा स्कीचा बूट लागला, दगडासारख्या टणक प्लास्टिकचा. तो त्याने सगळ्या ताकदीनिशी भावाच्या कपाळावर हाणला. निशिकांतची भुवई फाटली, डोळा रक्ताने भरला. मग त्याने प्रबोधचा गळा धरला आणि त्याचं डोकं भिंतीवर आपटलं. पुन्हा आपटलं. डाव्या हाताने मान दाबून उजव्या हाताने तो जबड्यावर ठोसे मारत राहिला. आत काहीतरी कडकन मोडलं, ते सगळ्यांना ऐकू आलं. प्रबोधची बायको रश्मी किंचाळत होती. क्षितिज बाथरूममध्ये शिरून कडी लावून बसला. शैला नवऱ्याच्या पाठीला लटकली, त्याने तिला झटकून दिलं.

तेव्हा शिवांगी पाय ओढत आली आणि तिने त्याचा शर्ट मागून धरला. "पप्पा, स्टॉप! सोडा काकाला!"

मागे न बघताच त्याने कोपर मारलं. ते तिच्या तोंडावर बसलं. ती काचांवर पडली.

निशिकांत वळला. लेकीच्या हनुवटीवरून रक्त ओघळत होतं. पुढचे दोन दात तुटले होते, आणि ते दुधाचे नव्हते. "शिवा..." म्हणत त्याने हात पुढे केले, तशी ती बसल्या बसल्या काचांवरून मागे सरकली. "डोन्ट टच मी!"

शैलाने फोन उचलला.

"कुणाला लावतेस?"

"पोलिसांना."

"अगं, वेडी आहेस का? माझी नोकरी जाईल!"

"जाऊ दे," शैला म्हणाली. तिने मजल्यासकट पूर्ण पत्ता सांगितला.

निशिकांतने गुन्हा कबूल केला. त्याला सात महिन्यांची कैद झाली. प्रबोधचा जबडा तारांनी बांधला होता, तशाच अवस्थेत तो एकदा वुडलँड्सला आला आणि फोनवर माफी टाइप करून शिवांगीपुढे धरली.

"काका, तेव्हा तोंडाने म्हणालात ना? मग तोंडानेच सांगा. मी थांबते."

तो पाच आठवड्यांनी पुन्हा आला. तारा निघाल्या होत्या. दुखऱ्या जबड्याने, अडखळत, त्याने सांगितलं. तिने ऐकून घेतलं.

तुरुंगात भेटायला शिवांगी एकदाच गेली. काचेपलीकडून निशिकांत तिच्या नव्या दातांकडे बघत राहिला.

"शिवा, मला माफ कर गं."

"पप्पा, आजी फोनवर म्हणते तुम्ही माझ्यासाठी मारलं. सगळे तसंच म्हणतात. मी कुठे सांगितलं होतं मारा म्हणून?"

तो म्हणाला, "नाही सांगितलंस. मला राग आला आणि मी मारलं. तुझ्यासाठी नाही."

"मग आजीला सांगा ना."

त्याने त्याच आठवड्यात आईला रत्नागिरीला पत्र लिहिलं. सुटल्यावर त्याचा तिथे राहायचा, कामाचा पास रद्द झाला आणि त्याला भारतात पाठवलं. शैलाची नोव्हेनातल्या एका लॅबमध्ये नोकरी होती. तिने त्याला स्पष्ट सांगितलं, "आम्ही येणार नाही. तुम्ही आईंकडे राहा. पुढचं मला आज ठरवायचं नाही."

पुढल्या वर्षीच्या डिसेंबरात मायलेकी दोघीच ऑस्ट्रियातल्या त्याच लॉजवर गेल्या. पहिल्या दिवशी शिवांगी त्या खुर्चीसकट तीनदा उलटली, रडली, शिक्षिकेवर ओरडली. चौथ्यांदा ती खाली पोचली तेव्हा तिचं नाक लाल झालं होतं आणि मोजे भिजले होते.

"पप्पांना व्हिडिओ पाठवू?" शैलाने विचारलं.

शिवांगीने थोडा विचार केला. "आज नको," ती म्हणाली, आणि पुन्हा लिफ्टच्या रांगेत जाऊन थांबली.