तीन रिकाम्या खुर्च्या

शिपायाच्या थोरल्या मुलीचं लग्न झालं त्या वर्षी कृषी आयोगाच्या पाच खुर्च्यांपैकी तीन रिकाम्या झाल्या. नात शाळेत जायला लागली तरी त्या भरल्या नव्हत्या. तीन सदस्य बसल्याशिवाय सुनावणी नाही, असा नियम. तरी दर महिन्याला तारीख लागे आणि शिपाई पाचही खुर्च्या पुसून प्रत्येकीपुढे पाण्याचा ग्लास ठेवी. सचिवांचा तसा हुकूमच होता.

दर तारखेला शिपायाची मोठी बहीण दाराशी येऊन उभी राही. रंगाच्या कारखान्याचं पाणी तिच्या शेतात शिरत होतं. ते थांबवायचा हुकूम आयोगानेच द्यायचा होता.

"तुमच्याकडे खुर्च्यांना तहान लागते वाटतं! माणसं उभी आणि लाकडाला पाणी."

"ताई, हळू. साहेब आत आहेत."

"आत आहेत तर ऐकू दे. विहिरीला निळं पाणी लागलंय, तेच पितेय मी. आणू का यांच्यासाठी घागरभर?"

सचिव दारात येऊन तेच ते सांगत, "बाई, वरून नेमणुका झाल्या की बघू."

"वर कोण बसलंय? झोपलंय की मेलंय, तेवढं तरी सांगा!"

अखेर नेमणुका झाल्या. एक मंत्र्यांचा मेहुणा, एक टायरचा व्यापारी, एक निवडणुकीत आपटलेला. फोटो निघाले. मग पहिलंच प्रकरण निघालं ते ताईचं. बाहेर जाऊन पुकारा करायचं काम शिपायाचं. तो जागचा हलला नाही.

"अरे, पुकार की," सचिव म्हणाले.

"कुणाला पुकारू?"

"अर्जदार गैरहजर," मेहुणा घड्याळ बघत म्हणाला. "काढून टाका निकाली."

मेहुण्यापुढचा भरलेला ग्लास शिपायाने उचलला. स्वतःचं स्टूल ओढत नेऊन दाराशी, ताई उभी राहायची तिथे मांडलं आणि ग्लास त्यावर ठेवला.

"हे काय चालवलंयस?" सचिव ओरडले.

"अर्जदाराची जागा भरतोय, साहेब. मला एक मिनिट लागलं. तुम्हाला किती वर्षं लागली?"

"नोकरी जाईल तुझी!"

"जाऊ दे. पण निकाली काढायचंच असेल, तर त्या स्टुलाकडे बघून काढा."

कुणी तिकडे बघितलं नाही. पण सहीसाठी पेनही कुणी उघडलं नाही.

शिपायाची बहीण नेमणुकांचं पत्र निघालं त्याच्या आदल्या सोमवारी, सरकारी दवाखान्यात, पोट फुगून वारली.